पालथं ताट

"त्यो कदी गेला, तेवढंच सांगा की मॅडम," मथुराबाई म्हणाली.

शवविच्छेदनगृहाबाहेरच्या बाकड्यावर ती बसली होती. नवरा रुद्रप्पा खांबाला टेकून उभा होता. आत त्यांचा गुरुशांत होता. वळसंगच्या शिवारात, अर्धवट बांधलेल्या एका बंगल्यामागे तो सापडला होता. गच्चीवर झोपायला चढला आणि तोल गेला असावा. मान मोडली होती.

डॉक्टर चंद्रिका नुकत्याच शवविच्छेदन उरकून बाहेर आल्या होत्या. कवटी उघडली तेव्हा मेंदूचा आकारच उरला नव्हता, पातळ राखाडी लगदा झाला होता. सोलापूरच्या उन्हाळ्यात मेंदू फार दिवस तग धरत नाही. पण हे आईला कसं सांगायचं?

"चार-पाच दिवस तरी झालेत," त्या म्हणाल्या. "जास्तही असतील. मेंदूवरून अंदाज येतो, नेमका दिवस नाही कळत."

"न्हाय वो! काल सकाळपातूर जित्ता हुता त्यो." मथुराबाई ताडकन उठली. "रोज जेवत हुता माज्या हातचं."

आणि तिने सगळं सांगून टाकलं. गुरुशांत पुण्याची नोकरी सोडून आला, म्हणून आठवड्यापूर्वी रुद्रप्पाने त्याला मुस्काटात मारून घराबाहेर काढलं होतं. परत तोंड दाखवू नकोस म्हणाला. त्या दिवसापासून ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती. पोरगा फोन उचलत नव्हता. रोज संध्याकाळी ती परसातल्या कट्ट्यावर त्याचं ताट झाकून ठेवायची. सकाळी ते धुऊन पालथं घातलेलं असायचं. लहानपणापासून त्याची सवयच ती. ते पालथं ताट दिसलं की मगच ती चहाला तोंड लावायची. लपून बघावं असं फार वाटायचं, पण आपण दिसलो आणि लाजून त्याने यायचंच बंद केलं तर? लेक रुसलाय, पण येतोय. आज ना उद्या उंबऱ्याच्या आत येईल. तिला तेवढं पुरत होतं.

"मग ताट कोन धूत हुतं?" तिने डॉक्टरांनाच विचारलं.

रुद्रप्पाने जन्मात स्वतःचा चहाचा कप विसळला नव्हता. आता तो आपल्या हातांकडे बघत होता.

"मी," तो म्हणाला. "भरल्यालं ताट दिसलं आसतं, तर तू जेवली नसतीस."

मथुराबाई परत बाकड्यावर बसली. आठवड्यात पहिल्यांदाच तिने नवऱ्याला काही विचारलं.

"पैल्या दिवसापासनं?"

रुद्रप्पाने एकदा डॉक्टरांकडे पाहिलं.

"न्हाय, न्हाय. पैलं दोन दिस त्योच आलता. मी बगितला की. मग यायचा थांबला, म्हनून मी..."

"असू शकतं," डॉक्टर चंद्रिका हळूच म्हणाल्या. त्यात खोटं काही नव्हतं.

मथुराबाईच्या चेहऱ्यावर जरा जीव आला. दोन दिवस तर दोन दिवस. लेक घराशी येऊन गेला होता, आईच्या हातचं जेवून गेला होता. मग तिला काहीतरी आठवलं आणि तिचे डोळे पुन्हा भरले.

"पैल्या दिशी ध्यान थाऱ्यावर न्हवतं माजं. कालवनात मीटच घातलं न्हाय. तसंच खाल्लं आसंल का वो त्यानं?"

"खाल्लं की," रुद्रप्पा घाईघाईने म्हणाला. "येवढं काय अळणी न्हवतं."

मथुराबाई त्याच्याकडे बघतच राहिली. ती बाकड्यावर थोडी सरकली आणि त्याला बसायला जागा करून दिली.

"व्हय," ती म्हणाली. "त्यानंच खाल्लं आसंल."