पडद्यावरचा पत्ता

बाबांनी केबलचं टोक यंत्राच्या खाचेत दाबलं. पहिल्याच प्रयत्नात बसलं. मुलीने मनातल्या मनात एक गुण दिला.

यंत्र काडेपेटीएवढं. त्यावर अंगठ्याच्या नखाएवढा पडदा आणि कडेला दोन बटणं. डिजिटल चलनाची ही किल्ली, असं तिने काल समजावलं होतं. पैसे नेटवर राहतात, किल्ली या डबीत. डबी संगणकाला जोडली, की तिथल्या प्रोग्रॅममध्ये खातं उघडतं.

"एवढ्याशा डबीत घरखर्च," बाबा म्हणाले. "तुझी आई असती तर तिने ही पिठाच्या डब्यात लपवली असती आणि मग आठवडाभर आपण शोधत बसलो असतो."

"विनोद नंतर. पिन टाका."

ती जहाजावर इंजिनिअर म्हणून रुजू होणार होती. उद्या सकाळी निघायचं, ते नऊ महिन्यांसाठी. पगारातला घरचा वाटा कंपनी याच चलनात देणार होती आणि तो बाबांच्या खात्यात यायचा होता. घरात तिसरं माणूस नव्हतं. किल्ली परक्याच्या हाती द्यायची नाही, हा यातला पहिला नियम. म्हणून तिने अट घातली होती : बाबांनी हे सगळं एकट्याने, एकदाही न विचारता करून दाखवायचं. जमलं नाही तर ती जाणार नव्हती. नकाराची मेल लिहून ठेवली होती. सहाच्या आत पाठवायची होती.

बाबा उजवं बटण दाबत होते, ओठांतल्या ओठांत मोजत. प्रत्येक आकडा शून्यापासून वर न्यायचा, मग दोन्ही बटणं एकदम दाबून कायम करायचा. सहा आकडे झाले. घाई नाही, चूक नाही. संगणकावर हिरवी खूण उमटली.

पैसे घेण्याचा पत्ता मागायला ते संगणकाच्या पडद्याशी नाक नेऊन वाकले.

"चष्मा बदलायला झालाय," ते स्वतःशीच म्हणाले आणि मोठं हिरवं बटण बरोबर दाबलं.

आता शेवटची पायरी. संगणकात कुणी शिरलं असेल, तर तिथे भलत्याचाच पत्ता दिसू शकतो. डबीच्या पडद्यावरचा मात्र खरा असतो. म्हणून दोन्ही ताडून पाहायचे, शेवटच्या अक्षरापर्यंत. तिने संगणक स्वतःकडे वळवला.

"वाचून दाखवा."

बाबांनी डबी डोळ्यांसमोर धरली. घसा साफ केला. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नंबर सांगितलेला आवाज. आजही त्याला धार होती.

"बी, सी, वन, क्यू."

जुळलं. ही चार अक्षरं प्रत्येक पत्त्याला सारखीच असतात.

"सेव्हन, एक्स, थ्री, एम..."

तिच्यासमोर सेव्हनच्या जागी डी होता. मग फोर, मग के. पुढे एकही अक्षर जुळेना. बाबा न अडखळता वाचत राहिले. संगणकात कुणीतरी शिरलं होतं. उद्या हे घर कुणाच्या भरवशावर सोडून जायचं?

"इकडे द्या," ती म्हणाली आणि डबी त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली.

डी, फोर, के. नखाएवढ्या पडद्यावर तेच होतं, जे संगणकावर होतं. तिने शेवटपर्यंत ताडून पाहिलं. एका अक्षराचाही फरक नव्हता. संगणकात कुणीही शिरलं नव्हतं.

मग बाबांनी वाचलं काय?

तिने कालची नोंद उघडली. काल तिने चाचणी म्हणून बाबांच्या खात्यात थोडे पैसे पाठवले होते. तेव्हाचा पत्ता तिनेच दोनदा मोठ्याने वाचला होता, बाबा शेजारी बसून ऐकत होते. सेव्हन, एक्स, थ्री, एम. बेचाळीस अक्षरं. बाबांनी आज तीच म्हणून दाखवली होती, एकही इकडची तिकडे न होऊ देता. एकदा वापरलेला पत्ता हा प्रोग्रॅम पुन्हा दाखवत नाही, नवा काढून देतो. एवढी एकच गोष्ट सांगायची ती विसरली होती.

कालच्या पत्त्यावर आलेले पैसे बुडाले नसते. तोही त्यांचाच होता. पण खर्चासाठी पैसे काढायची वेळ येईल, तेव्हा डबी विचारेल, कुणाला आणि किती. आणि बाबा काहीही न वाचता होकार दाबतील.

"जुळलं ना?" बाबांनी विचारलं. चेहरा तिच्याकडे होता. नजर तिच्या कानाच्या जरा पलीकडे.

घड्याळात पाच वाजून गेले होते. जुळलं म्हटलं, तर ती उद्या निघू शकत होती. बाबांना तेवढंच ऐकायचं होतं. तिलाही तेवढंच म्हणायचं होतं.

तिने केबल काढली.

"बाबा, कधीपासून दिसत नाहीये?"

"दिसतं की. तू दिसतेस, खुर्ची दिसते."

"अक्षरं?"

बाबा चोरी पकडली गेलेल्या माणसासारखे हसले.

"शेवटचं वाचलं ते तुझं नेमणुकीचं पत्र."