उपदेशाचं पान

शालेय ग्रंथपालांच्या आमच्या ऑनलाइन ग्रुपवर एक निवृत्त सर रोज उपदेशाचा रतीब घालतात. आजचा विषय होता, शाळेची पुस्तकं ढापणारी नीच माणसं. सोबत 'माझ्या संग्रहातून' म्हणून एका दुर्मिळ पुस्तकातल्या पानाचा फोटो. लगेच भाबड्या मंडळींनी हात जोडले, फुलं वाहिली. एकीला तर म्हणे भरून आलं.

पुस्तक ढापणारा शिक्क्याचं पहिलं पान आधी फाडतो, हे काय मला माहीत नाही? म्हणून तर शाळेचा दुसरा शिक्का मी आतल्या एका ठरलेल्या पानावर मारते.

 

मी एवढंच लिहिलं, "सर, नेमकं तेच पान निवडलंत. खाली आमच्या शाळेचा शिक्का छान उठलाय. पुस्तक कधी आणून देताय?"