सोमवारची पट्टी

फ्लाइंग क्लबचा फोन आला तेव्हा मी माझ्या चित्रकथेतल्या वैमानिकेच्या विमानाला आग लावत होतो.

“कुमुदिनी सकाळी एकटीच उडाली, ती अजून परतली नाही,” पलीकडचा म्हणाला.

कुमुदिनी माझी मुलगी. सात वर्षं तिचाच चेहरा घेऊन मी वर्तमानपत्रात या चित्रकथेची रविवार सोडून रोजची पट्टी काढतोय, छापायच्या आठवडाभर आधी. शनिवारी नायिकेला संकटात लोंबकळत ठेवायचं आणि सोमवारी सोडवायचं, ही आमच्या धंद्याची रीत. आज शनिवार होता. सकाळच्याच अंकात तिचं इंजिन बंद पडलं होतं आणि खाली नुसते डोंगर होते. ते चित्र माझ्याच्याने पुन्हा बघवेना.

तीन तासांनी ती दारात उभी राहिली. केसांत वाळू, कपाळाला खोक, आणि चक्क हसत होती.

“इंजिन बंद पडलं, अण्णा. काही सुचेना. मग तुमच्या टेबलावर पाहिलेली सोमवारची पट्टी आठवली. तिच्यासारखीच नाक वर धरून नदीच्या कोरड्या पात्रात उतरले.”

मी जन्मात विमानात बसलेलो नाही. ते उतरणं मी चहा पिता पिता मनानंच रचलं होतं.

“कुणा जाणत्याला विचारूनच काढता ना तुम्ही?”

मी रुमाल काढून तिच्या कपाळावरची खोक पुसू लागलो.

“बरं, पुढच्या आठवड्यात काय होतं तिचं?” म्हणत ती टेबलाकडे वळली.

मी शाईची दौत उचलली आणि त्या आगीवर पालथी केली.