तेरा साते

ऊसतोडीला गेलेली लेकरं पाढे विसरू नयेत म्हणून निताबाई किन्हीराजाजवळच्या वस्तीशाळेत, रिकाम्या वर्गाचं दार लावून, मोबाइलवर व्हिडिओ करायच्या. प्रत्येक प्रश्नानंतर त्या थोडं थांबायच्या. तिकडे उसाच्या फडात लेकरांनी उत्तर द्यावं म्हणून.

त्या दुपारी पाठवण्याआधी त्यांनी व्हिडिओ लावून पाहिला.

‘तेरा साते?’ व्हिडिओतल्या बाईंनी विचारलं आणि त्या थांबल्या.

‘ब्याण्णव,’ त्या शांततेत एक बारीक आवाज म्हणाला.

निताबाईंनी झटकन मोबाइल बंद केला. पण एवढ्या वर्षांची सवय, तोंडातून निघूनच गेलं, ‘चुकलं. पुन्हा सांग बरं.’

मागच्या बाकावरून उत्तर आलं, ‘एक्याण्णव. आता तरी घरी सोडता काय मले, बाई?’