जादा ब्रेक

आदल्या दिवशीही बाबांचा फोन रोजच्या वेळेला आला. एक शिकाऊ उतरून दुसरा येईपर्यंतच्या मोकळ्या वेळात, गाडी सावलीला लावून ते लेकीला फोन करत. गाडी ड्रायव्हिंग स्कूलची. त्यांच्या बाजूला, पायाशी, एक जादा ब्रेक होता आणि निम्मं शहर त्या ब्रेकच्या भरवशावर गाडी शिकलं होतं.

“आला का व्हिसा?”

नव्हता आला. मुदतवाढीचा अर्ज करून ती परक्या देशात बसून होती. प्रबंध लिहून झाला होता, तोंडी परीक्षा तेवढी उरली होती. अर्जाचा निकाल लागायच्या आत देशाबाहेर पाऊल टाकलं, तर अर्ज मागे घेतला असं समजण्यात येईल, असा नियम होता. तो तिच्यापेक्षा बाबांनाच जास्त पाठ होता. सिग्नलला थांबले की शिकाऊंनाही ऐकवत.

“आपण तोंडातून शब्द काढायचा नाही, तरी ते समजणार,” ते म्हणाले. “म्हणजे तुझ्या आईचाच कारभार झाला.”

ती हसली. आवाज का दमलाय असं तिने विचारलं, तर सकाळी मुख्याध्यापिकाबाईंनी गाडी थेट फुटपाथवर नेली होती, दुसरं काही नाही, असं त्यांनी सांगितलं. बाई निवृत्त झाल्यावर हौसेने गाडी शिकत होत्या आणि शिकवणाऱ्यालाच रागावत होत्या. मग सूचना सुरू झाल्या. मामेबहिणीचं लग्न ठरतंय, पण यायचं मनातही आणू नकोस. मैत्रिणी सहलीला निघतील, त्यांच्या नादाने सीमा ओलांडशील. बोलताना फोनच्या पडद्यावर त्यांचा उजवा गुडघा मधूनच ताठ होत होता. घरी खुर्चीत बसून सिनेमा बघतानाही तो पाय असाच फरशी दाबायचा. सगळे त्यावरून त्यांची टर उडवत.

“बाबा, ब्रेकवरून पाय काढा आता,” ती म्हणाली. जरा तुटकच. “गाडी मी चालवतेय.”

“बरं बाई,” ते म्हणाले. पुढचा शिकाऊ काचेवर टकटक करत होता.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला फोन आला, तो आईचा.

शिकवता शिकवताच बाबांची मान पुढे कलली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. गाडी मात्र रस्त्याच्या कडेला नीट थांबलेली होती. मुख्याध्यापिकाबाई येईल त्याला एकच सांगत होत्या, ब्रेक मी नाही मारला.

आईचा आवाज कोरडा ठणठणीत होता. येऊ नकोस, म्हणाली. इतकी वर्षं घातलीस, आता अगदी शेवटाला आलंय, त्यांना आवडणार नाही. मग म्हणाली, न्यायची वेळ ठरवायचीय.

“वाट बघू का, तेवढं सांग.”

कळवते, म्हणून तिने फोन ठेवला.

विद्यापीठाच्या कचेरीत परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या बाईंनी तिला आधी बसवलं, पाणी दिलं. नियमात अशा प्रसंगाचीही सोय होती. परवानगी मागता येत होती. फक्त उत्तर येईपर्यंत थांबावं लागत होतं, आणि उत्तर आठवड्यांनी येत होतं. न थांबता गेलात, तर तिकडून पहिल्यापासून सुरुवात, बाई म्हणाल्या. तोवर तुमची जागा राहील, असा शब्द मी देऊ शकत नाही. मग पडद्यावरची नजर काढून हळूच म्हणाल्या, थांबलात तर तुम्हाला कोणी दोष देणार नाही. त्या चांगल्या होत्या. त्यामुळे ते ऐकणं आणखी अवघड झालं.

तिने तिकीट काढलं. काढलं म्हणून जायलाच हवं असं नाही, असं विमानतळाच्या वाटेवर ती स्वतःला बजावत राहिली. आईला उत्तर दिलं नव्हतं.

दुपारची, गर्दीची वेळ होती, पण रांग भराभर पुढे सरकत होती. काचेमागच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडला, पडद्याकडे पाहिलं आणि त्याचा हात थांबला. अर्ज अजून निकाली निघालेला नाही, तो म्हणाला. आता बाहेर गेलात की तो संपला. हे माहीत आहे ना?

माहीत आहे, ती म्हणाली.

मग जायचंय?

मागे कुणीतरी घसा खाकरला. उजव्या मांडीत कळ आली म्हणून तिने खाली पाहिलं. पाय फरशीवर रोवलेला होता, गुडघा ताठ, बोटांपासून कमरेपर्यंत सगळं वजन त्या एका पायावर. कधीपासून, कोण जाणे.

तिने फोन काढला. अधिकाऱ्याने काचेवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. इथे फोन चालत नव्हता. तिने तरी लावला.

“आई, वाट बघा. निघालेय.”

पलीकडे आई बाजूला वळून कुणाला तरी सांगत होती, येतेय ती, थांबायचं. तिने फोन ठेवला, पाय सैल सोडला आणि अधिकाऱ्याला म्हणाली, हो, जायचंय.

शिक्का बसला. पासपोर्ट काचेखालून परत आला. तो हातात घेऊन ती तिथेच उभी राहिली आणि त्या माणसासमोर, त्याला न कळणाऱ्या भाषेत, मोठ्याने म्हणाली,

“तुमचा पाय तिथे होता बाबा, म्हणून मी चालवू शकले.”