दोन मिलिव्होल्ट

"लोड सेल जळलेत. तुमच्या बाईंनी वायरिंग चुकवलंय," फोनच्या स्पीकरवर कंट्रोलर कंपनीचा इंजिनिअर हितेश म्हणाला. "नवीन मागवा. आठ दिवस जातील."

भावेशशेठनी समोर उभ्या असलेल्या रंजिताकडे बघितलं. पनवेलजवळ आपट्याच्या त्या कोंबडीखाद्याच्या गिरणीत ती इलेक्ट्रिशियन म्हणून लागून दोनच महिने झाले होते. मका तोलणारा हॉपर, म्हणजे मोठं लोखंडी नसराळं, नव्या कंट्रोलरला जोडायचा, हे तिचं पहिलं मोठं काम. आणि सकाळपासून पडद्यावरचा आकडा पिसाळल्यासारखा उड्या मारत होता. रिकामा हॉपर कधी चाळीस किलो, कधी उणे सतरा.

"शेठ, दुपारपर्यंत थांबा," ती म्हणाली. "सेल खरंच मेलेत का, ते बघू द्या मला."

"दुपारपर्यंतच. उद्या कोंबड्यांच्या शेडवाल्यांना माल पोचला पाहिजे."

हॉपर चार लोड सेलवर, म्हणजे वजन पडलं की बारीक वीज-इशारा देणाऱ्या सेन्सरवर, उभा होता. रंजिता शिडीने वर गेली, सेलच्या वायरी एकत्र येतात ती पेटी उघडली आणि मीटर लावला. हमालांनी शंभर किलो मका ओतला. मीटर दोन मिलिव्होल्टनी चढला. मका खाली सोडला, मीटर उतरला. तिने तीनदा करून बघितलं.

"जिते हायत," ती खाली पोती शिवणाऱ्या कुमुदताईंना म्हणाली. "पन बोलतात लई हळू."

"मग आयकू कुनाला येत नाय?"

रंजिताने मिक्सरची मोटर लावायला सांगितली. पडद्यावर आकडा उसळला. मोटर बंद, आकडा गप्प.

ती शिडीवरून उतरली आणि पेटीतून कंट्रोलरच्या पॅनलकडे जाणाऱ्या वायरीच्या मागोमाग चालत गेली. चाळीस फूट तिची बारीक वायर मोटरच्या जाड केबलला चिकटून एकाच ट्रेमधून गेली होती. वायरीभोवतीची, बाहेरचा गोंगाट अडवणारी जाळी दोन्ही टोकांना अर्थिंगला जोडलेली, त्यामुळे तीच गोंगाट आत आणत होती. एवढ्या गोंगाटात दोन मिलिव्होल्टचं कोण ऐकणार?

"शेठ, सेल चांगले हायत. वायर मी चुकीच्या वाटेनं नेली."

"ड्रॉइंगमध्ये तशीच होती ना?"

"होती. पन हात माजे होते."

तिने अख्खी वायर उपसली. समोरच्या भिंतीवरून वेगळा पाइप टाकला. कुमुदताई डबा सोडून पाइप धरायला आल्या. जाळी फक्त पॅनलकडच्या टोकाला अर्थिंगला जोडली. दीड वाजता शेवटचा स्क्रू आवळून तिने हात वर केला.

मिक्सर गरजला. पायाखालची फरशी थरथरली. पडद्यावर आकडा: ०.०

वीस किलोची पाच वजनं हॉपरवर ठेवली. आकडा १००.०. मग वजनं उतरवली. ०.०

हमालांनी टाळ्या पिटल्या. कुमुदताईंनी तिला मागून घट्ट मिठी मारली. तेवढ्यात हितेशचा फोन आला. शेठनी स्पीकर लावला.

"सेल मागवले का?"

"मागवायची गरज नाही. आकडा एकदम..." शेठ थबकले. पडद्यावर ०.३ आलं होतं. "शून्य पूर्णांक तीन?" ते पुटपुटले.

"बघा," हितेश म्हणाला. "हललाच ना?"

रंजिताने मान वर करून बघितलं आणि खळखळून हसली.

"हलला सायब. हॉपरवर पारवा बसलाय."