एकसारख्या बरण्या

चहात मीठ होतं. चिमूटभर नव्हे, चांगलं दोन चमचे. लेकीनं पहिला घोट घेतला आणि तो तसाच तोंडात धरून ती बाबांकडे बघत राहिली. बाबांनीही घोट घेतला होता. त्यांचा चेहरा वाकडा झाला आणि लगेच सरळही झाला. "जरा कडक झाला का गं?" ते म्हणाले, आणि चक्क दुसरा घोट घेतला!

ओट्यावर नव्याकोऱ्या पांढऱ्या बरण्या ओळीनं उभ्या होत्या. प्रत्येकीवर लेबल, लेबलावर दुकानाच्या पाटीसारखी मोठी अक्षरं. साखर. मीठ. चहा. शेंबडं पोरही चुकलं नसतं. आणि बाबा चुकले? छापखान्यात मुद्रितं तपासण्यात ज्यांचा जन्म गेला, दुसऱ्याचा चुकलेला अनुस्वार ज्यांनी कधी सोडला नाही, ते बाबा?

बरण्या तिनंच दुपारी मांडल्या होत्या. शेजारचे मास्तर बाबांना हाताला धरून फिरायला घेऊन गेले, तेवढ्यात तिनं स्वयंपाकघर उपसायला घेतलं. आई गेली तरी आईचा पसारा जिथल्या तिथे होता. आणि पसारा तरी कसला, बाई! आईला चिनी मातीच्या भांड्यांचं वेड. पण वेडालाही काही रीत असावी की नाही? लेकीला कळायला लागल्यापासून आईनं सेट म्हणून कधी घेतला नाही. जुन्या बाजारातून एक बशी उचल, कुणी टाकायला काढलेला एक वाडगा माग. दोन कप एका जातीचे नाहीत. पाहुण्यांत एकाच्या हातात बुटका मग, तर दुसऱ्याच्या हातात ओबडधोबड पेला. मैत्रिणी घरी आल्या की लेकीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "आई, लोकांसारखे सहा कप आण ना गं एकसारखे," ती रडकुंडीला येऊन सांगायची. आई हसून म्हणायची, "लोकांचं लोकांना लखलाभ."

बाबांनी तर वर कडी केली होती. साखर कान तुटलेल्या गुळगुळीत मगात. मीठ हाताला टोचेल अशा खरबरीत वाडग्यात. चहाची पूड उभ्या रेघांच्या बरणीत. चोच उडालेल्या किटलीत घराच्या किल्ल्या, लोणी ठेवायच्या भांड्यात साबण, आणि सॉस वाढायच्या लांबट होडीत दाढीचं सामान! "कप्पाळ माझं," असं म्हणत तिनं सगळं रिकामं केलं, कागदात गुंडाळलं, खोक्यांत भरलं. बाबा परत आले, ओट्यावरून हात फिरवला, एका बरणीवरून दुसऱ्या बरणीवर नेला. मग म्हणाले, "छान केलंस हो." तिला केवढं बरं वाटलं होतं.

आता मात्र ती उठली, खिडकीशी गेली आणि नवऱ्याला फोन लावला.

"बाबांचं काही खरं नाही रे. विसरायला लागलेत. एकटं ठेवण्यात अर्थ नाही. मागची खोली आवरून ठेव, उद्या मी त्यांना घेऊनच येते."

तिनं फोन ठेवला. मागून बाबांचा आवाज आला, "मी कुठंही येणार नाही."

"बाबा, चहात मीठ घातलंत तुम्ही!"

"डोकं शाबूत आहे गं माझं. डोळे गेलेत."

लेक वळली. ते बोलत होते तिच्याशी, बघत होते तिच्या शेजारच्या पडद्याकडे. ती हळूच एक पाऊल सरकली. त्यांची नजर पडद्यावरच राहिली.

"कधीपासून?"

"पुरते जाऊन झालं वर्ष. तुला सांगितलं असतं तर तू हेच केलं असतंस. खोली आवरली असतीस."

तिला रागही आला आणि रडूही फुटलं. "मग आवरू नको तर काय करू? दिसत नाही आणि एकटे राहणार? उद्या पेटत्या गॅसवर हात पडला तर मी कुणाकडे बघायचं?"

"खोकी आण इकडे," बाबा म्हणाले. "सगळी भांडी टेबलावर काढ. कशीही काढ."

तिनं काढली, मुद्दाम सरमिसळ करून काढली. बाबांनी एकेकावर हात ठेवला. "हे मिठाचं. हे साखरेचं. ही किल्ल्यांची, दारामागच्या खुंटीखाली." ते सांगत गेले, ती भरत गेली, ठेवत गेली. मग ते एकटे ओट्याशी उभे राहिले. पातेलं, पाणी, गॅस, रेघांची बरणी, गुळगुळीत मग. हात कुठं अडखळला नाही की कुठं चाचपडला नाही. तिनं घोट घेतला. चहा फक्कड झाला होता.

"कुणी शिकवलं हो हे तुम्हाला?"

"मी कसला शिकतोय! तू रांगत होतीस तेव्हा. डॉक्टर म्हणाले, डोळे जाणार, सावकाश जातील पण जाणार. मी रडत घरी आलो. तुझी आई नाही रडली. तिनं आहेराचा आख्खा सेट त्याच आठवड्यात वाटून टाकला. आणि पुढं मरेपर्यंत सारखी दोन भांडी या घरात येऊ दिली नाहीत."

फोन वाजला. नवरा होता. "खोली आवरली गं. उद्या किती वाजता पोचताय दोघं?"

लेकीनं डोळे पुसले.

"मी एकटीच येतेय," ती म्हणाली.